म्यूझस्कोर ४ मधे प्लेबॅक नीट वाजवायचा असेल तर कुठून सुरुवात करायची

म्यूझस्कोर या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमधे अख्खा स्कोर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं नोटेशन, लिहून झाला, स्पेस बार दाबला आणि व्हायोलिन जुन्या मोबाइलच्या रिंगटोनसारखं वाजलं, बासरी एकदम छातीवर बसली आणि चेलो तर ऐकूच येईना, असं झालं की बहुतेक लोक पहिली गोष्ट काय करतात तर मिक्सर उघडून सगळे स्लायडर वरखाली करत बसतात. त्यातून काही होत नाही असं नाही, पण तासभर जातो आणि शेवटी काय बदललं ते आठवत पण नाही. प्लेबॅक बिघडायच्या जागा मोजून चार आहेत, आवाज कुठला निवडलाय, लेव्हल काय आहे, स्कोरमधे चिन्हं कशी लिहिलीत आणि कॉम्प्युटरला झेपतंय का. याच क्रमाने बघत गेलं तर बरंचसं काम पहिल्या दोन पायऱ्यांतच होतं.

मी इथे म्यूझस्कोर ४ धरूनच सांगतोय कारण तो फुकट आहे आणि आपल्याकडे क्वायरवाले, शाळेचे ऑर्केस्ट्रावाले, कीबोर्ड शिकवणारे बरेच जण तोच वापरतात. डिसेंबर २०२२ मधे ४ आला तेव्हा प्लेबॅकचं इंजिन जवळपास नव्याने लिहिलं गेलं, त्यामुळे ३ च्या काळातले जे सल्ले नेटवर पडलेत (सिंथेसायझरची खिडकी उघडा, झर्बेरस या जुन्या भागात एसएफझेड प्रकारच्या आवाजाच्या फाइली टाका वगैरे) ते आता लागू होत नाहीत. ती खिडकीच राहिली नाही. तारीख बघून सल्ला घ्या.

आधी आवाज कुठून येतोय ते बघा

म्यूझस्कोर ४ ला आवाज तीन ठिकाणांहून मिळतो. एक, साउंडफाँट, म्हणजे एका फाइलमधे भरलेले सँपल (वाद्यांचे रेकॉर्ड केलेले छोटे तुकडे), एसएफ२ किंवा एसएफ३. सोबत येतो तो एमएस बेसिक, तो हलका आहे आणि कुठल्याही लॅपटॉपवर चालतो. दोन, म्यूझ साउंड्स, हे म्यूझ हब नावाच्या वेगळ्या अ‍ॅपमधून डाउनलोड करावे लागतात, आवाज खूपच चांगले पण डिस्कवर काही जीबी जागा खातात आणि रॅम पण. तीन, व्हीएसटी३ वाद्यं, म्हणजे बाहेरच्या कंपन्यांची, फुकट किंवा विकत घेतलेली.

आता प्रत्येक वाद्याला हाताने आवाज लावत बसायच्या आधी व्ह्यू मेनूमधे प्लेबॅक सेटअप उघडा. तिथे प्रोफाइल असतात, म्यूझस्कोर बेसिक आणि म्यूझ साउंड्स, हवं ते निवडून अ‍ॅक्टिव्हेट केलं की अख्ख्या स्कोरला एका फटक्यात लागू होतं, आणि नव्या स्कोरसाठी तेच डिफॉल्ट ठेवायची सोय पण तिथेच आहे. क्रम महत्त्वाचा आहे बरं का, आधी प्रोफाइल आणि मग एकेक वाद्य. उलट केलंत, म्हणजे अर्धा तास बसून मिक्सरमधे एकेका वाद्याला आवाज लावला आणि मग प्रोफाइल बदललं, तर केलेली निवड पुसली जाते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर लिहिताना एमएस बेसिकच ठेवावं. म्यूझ साउंड्स इतके छान वाजतात की कच्चं लिहिलेलं पण पक्कं वाटायला लागतं, व्हायोलाला अशक्य उडी दिलीये हे कळतच नाही. बेसिकमधे जे बरं वाटतं ते चांगल्या आवाजात हमखास बरं वाटतं. शेवटी ऐकवायची वेळ आली की प्रोफाइल बदलायचं, दोन क्लिकचं काम आहे.

म्यूझ हबबद्दल एक, ते अ‍ॅप बॅकग्राउंडला चालू राहतं, आणि डाउनलोड वेगाने व्हावं म्हणून तुमच्या नेटवरून दुसऱ्यांना डेटा पाठवायची एक सोय त्यात होती. मोबाइल हॉटस्पॉटवर असाल आणि तुमच्याकडे ती दिसत असेल तर सेटिंगमधे जाऊन बंद करून टाका.

मिक्सर, पण शांतपणे

एफ१० दाबलं की मिक्सर उघडतो. प्रत्येक वाद्याची एक उभी पट्टी, वरती साउंडचा रकाना, त्याखाली इफेक्टचे कप्पे, पॅनचा गोल (आवाज डाव्या-उजव्या बाजूला सरकवायला), व्हॉल्यूमचा स्लायडर आणि म्यूट सोलो. साउंडवर क्लिक केलं की म्यूझ साउंड्स, साउंडफाँट, व्हीएसटी३ अशी यादी येते, तिथून एकट्या वाद्याचा आवाज बदलता येतो.

लेव्हल लावायची माझी पद्धत अशी की आधी सगळं डिफॉल्टवर, मग स्कोरमधली सगळ्यात गजबजलेली जागा शोधायची, जिथे सगळे एकदम फोर्टेमधे वाजतायत, आणि तीच जागा लूपवर टाकायची. मास्टरचा, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र आवाजाचा, मीटर लाल होतोय का ते बघायचं. होत असेल तर मास्टर कमी करून सुटका करून घेऊ नका, जे वाद्य खरंच जास्त आहे ते खाली आणा. जवळपास नेहमीच पितळी वाद्यं किंवा ड्रम निघतात. एखादं ऐकू येत नसेल तर त्याला वर ढकलण्याआधी त्याच्या आड येणारं जे आहे ते तीन चार डीबी (डेसिबल) खाली करून बघा, दहापैकी आठ वेळा तेवढ्यानेच काम होतं आणि मीटर पण हिरव्यात राहतो.

आणि हे पण लक्षात ठेवा की मिक्सरमधे चेलो वर केला म्हणून स्टेजवर चेलो मोठा होणार नाही. तिथे तो दबत असेल तर तुमचं अरेंजमेंट बदलायला हवं, त्याच्या सुरांच्या टप्प्यात दुसरं कोणीतरी घुसलंय. मिक्सरने झाकायचं नाही ते.

एक प्रश्न वारंवार येतो, की पियानोचा स्टाफच नाहीये तरी मागे पियानो कुठून वाजतोय. तुम्ही कॉर्डची नावं लिहिली आहेत ना स्टाफच्या वर, सी मेजर, जी सेव्हन वगैरे, म्यूझस्कोर ती वाजवतो. मिक्सरमधे त्याची वेगळी पट्टी असते, ती म्यूट करा किंवा प्लेबॅक टूलबारच्या गिअरच्या चिन्हात जाऊन कॉर्ड सिम्बॉल वाजवण्याची खूण काढा. नुसतं नाव म्हणून लिहिलेल्या कॉर्डची नको ती साथ लीड शीटवाल्यांना (फक्त चाल आणि कॉर्ड लिहिणाऱ्यांना) फार छळते.

लिहिलं तसं का वाजत नाही

इथे लोकांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. म्यूझस्कोर दिसणारी अक्षरं वाचत नाही, त्या अक्षरांमागची वस्तू वाचतो. म्हणजे तुम्ही साधा स्टाफ टेक्स्ट घेऊन त्यात हाताने रिट (हळूहळू सावकाश व्हा) टाइप केलंत तर कागदावर दिसेल रिट, पण टेम्पो तसूभर हलणार नाही. तेच टेम्पोच्या पॅलेटमधून रिटार्डँडो उचलून लावलंत, ज्याला मागे तुटक रेघ असते, तर खरंच सावकाश होतं, आणि रेघ जिथपर्यंत ओढाल तिथपर्यंत होतं. फोर्टे पियानोचं तसंच, डायनॅमिक्सच्या पॅलेटमधून घ्यायचं, तिरक्या अक्षरात एफ टाइप करून चालत नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून म्यूझिक एक्सएमएल (नोटेशनची देवाणघेवाण करायची फाइल) आणलंय आणि अर्धे फोर्टे वाजत नाहीयेत, तर कारण बहुतेक हेच, आयात करताना ते नुसता मजकूर होऊन आलेत. फिनाले या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरवाल्यांना याचा अनुभव येईल. ऑगस्ट २०२४ मधे फिनालेचं पुढचं काम थांबवल्याचं जाहीर झालं तेव्हापासून बरेच जण जुन्या फाइली इकडे आणतायत.

हेअरपिन, म्हणजे क्रेशेंडोची ती उघडत जाणारी खूण, ती वाजते. पण तिच्या शेवटी कुठे पोचायचं ते लिहिलं नसेल तर म्यूझस्कोर आपल्या मनाने थोडंसं वाढवतो आणि तुम्हाला वाटतं काही झालंच नाही. शेवटाला फोर्टे लावा, मग बघा फरक. वाजवणाऱ्या माणसाला पण ते लागतंच.

फर्माटा (नोट धरून ठेवायची खूण) किती लांबवायचा ते तो फर्माटा निवडून प्रॉपर्टीजमधे, एफ८, तिथे टाइम स्ट्रेच म्हणून आकडा असतो तो बदलून ठरवता येतं.

पिझिकाटो (तार बोटाने छेडणं), म्यूट, ट्रेमोलो या गोष्टी म्यूझ साउंड्समधे चांगल्या येतात. स्टाफ टेक्स्ट लावला की त्याला चिकटून एक छोटं चिन्ह दिसतं, साउंड फ्लॅग, त्यावर क्लिक केलं की त्या वाद्याला उपलब्ध असलेली वाजवण्याची तंत्रं दिसतात, हवं ते निवडायचं. मजकूर तुम्ही काहीही लिहा, अगदी मराठीत बोटाने छेडा असं लिहिलंत तरी चालतं, आवाज फ्लॅगवरून ठरतो. मात्र ते पुढे चालूच राहतं. परत बो वर आणायचं असेल तर तिथे दुसरा टेक्स्ट लावून नेहमीचं तंत्र निवडावं लागतं, नाहीतर उरलेलं अख्खं गाणं पिझिकाटोमधे.

व्हीएसटी लावला असेल तर यातलं फारसं काही आपोआप होत नाही, ते धरूनच चला.

मग लपवाछपवी. कुठलीही गोष्ट निवडून व्ही दाबलं की ती छापताना दिसत नाही पण वाजते. टेम्पोचे बारीक चढउतार, जे माणूस न सांगता करतो, ते असे अदृश्य टेम्पो लावून करता येतात. आणि याच्या उलट, दिसायला हवं पण वाजायला नको, तर प्रॉपर्टीजमधे प्लेची खूण काढायची. ही दोन्ही एकत्र वापरली की बरंच काही जमतं. समजा मुरकी आहे, कागदावर तुम्हाला ती छोट्या ग्रेस नोटमधे लिहायची आहे पण म्यूझस्कोर ती चुकीच्या घाईत वाजवतोय. मग दिसणाऱ्या नोटांचा प्ले काढा, दुसऱ्या व्हॉइसमधे खरी लय धरून तीच मुरकी लिहा आणि ती व्ही दाबून लपवा. जास्तच गुंतागुंत असेल तर एक अख्खं वेगळं वाद्य फक्त वाजवण्यासाठी घ्या आणि एफ७ च्या इन्स्ट्रुमेंट्स पॅनलमधे त्याचा डोळा बंद करा, दिसणार नाही, पण प्रेफरन्सेसमधे लपवलेली वाद्यं म्यूट करायची खूण काढलीत तरच वाजेल.

हे सगळं करताना एकच पथ्य पाळा, दिसणारा कागद बिघडवू नका. मशीनला आवडावं म्हणून क्वार्टर नोटच्या जागी डॉटेड एट्थ आणि सिक्स्टीन्थ रेस्ट लिहिलेले स्कोर मी पाहिलेत, स्टॅकाटो, म्हणजे तुटक वाजवलेला सूर, नीट ऐकू यावा म्हणून. समोर बसलेल्या मुलाला तो वाचताना जो ताप होतो तो विचारू नका. सरळ स्टॅकाटोचा टिंब द्या आणि प्लेबॅकमधे जरा लांब वाजला तर वाजू द्या.

हार्मोनियम, तबला आणि आपली बाकीची मंडळी

जनरल मिडी नावाचं जे मानक आहे, १९९१ चं, त्यात १२८ आवाज ठरवून दिलेत. त्यात १०५ वर सितार आहे, ११२ वर शहनाई आहे, पण तबला नाही, तानपुरा नाही, आणि हार्मोनियम पण नाही, त्याच्या जवळचं म्हणजे २१ वरचा रीड ऑर्गन. म्यूझस्कोरच्या वाद्यांच्या यादीत हार्मोनियम सापडतं खरं पण एमएस बेसिकमधे त्याला हाच रीड ऑर्गन येतो. भात्याचा दाब, तो किंचित थरथरणारा सूर, काही नाही त्यात. सूर बरोबर आहेत का एवढं तपासायला पुरतो, त्यापलीकडे नाही.

चांगला हार्मोनियम हवा असेल तर एसएफ२ फाइल शोधा, ती डॉक्युमेंट्समधल्या म्यूझस्कोर ४ च्या साउंडफाँट्स फोल्डरमधे टाका (दुसरीकडे ठेवायची असेल तर प्रेफरन्सेसमधे फोल्डर्सखाली पत्ता बदलता येतो), मग मिक्सरमधे त्या वाद्याच्या साउंडमधून साउंडफाँट आणि त्यात ती फाइल. आता गंमत अशी की डिफॉल्टला आपोआप निवडा असं असतं, म्हणजे म्यूझस्कोर त्या फाइलमधे २१ नंबरचा आवाज शोधतो, आणि एकाच वाद्याच्या साउंडफाँटमधे बहुतेक वेळा सगळं पहिल्या नंबरवर असतं. मग एकतर आवाज येत नाही नाहीतर भलताच येतो आणि लोक म्हणतात फाइल खराब आहे. फाइलच्या नावाखाली आत जाऊन तो आवाज नावानिशी निवडा, सुटला प्रश्न.

एसएफझेड फाइल मिळाली तर ती थेट चालणार नाही, त्यासाठी एसएफझेड वाजवणारा व्हीएसटी३ प्लेयर लागतो, स्फिझ नावाचा फुकट आहे. डिसेंट सँपलर पण फुकट आहे आणि त्याच्यासाठी लोकांनी घरी रेकॉर्ड करून बनवलेली चिक्कार वाद्यं नेटवर मिळतात.

पट्टीचं बघा जरा. आपल्याकडे गायक सांगतो काळी चार, पेटीवाला समजतो, म्यूझस्कोरला मात्र जी शार्प किंवा ए फ्लॅट सांगावं लागतं. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी पाच ए शार्प. पट्टी बदलायची तर टूल्समधे ट्रान्सपोज आहे. बऱ्याच पट्ट्यांत शार्पच्या ऐवजी फ्लॅटची की निवडली तर वाचायला सोपं जातं, काळी चार ए फ्लॅट मेजरमधे चार फ्लॅटमधे बसते, जी शार्प मेजर कोणी लिहीत नाही. आवाज एकच, वाचणाऱ्याचे हाल वेगळे.

तबल्याला माझ्या मते नोटेशन सॉफ्टवेअरमधे फार रमू नये. बोंगो किंवा काँगावर ठेक्याचा सांगाडा लिहा, केहरवा ८ मात्रा, दादरा ६, म्हणजे बाकीच्यांना लय धरता येते, आणि खरा तबला नंतर ऑडिओ बाहेर काढून डीएडब्ल्यूमधे (रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) किंवा थेट माणसाकडून घ्या. मेट्रोनोम वापरत असाल तर रूपकात एक गोची आहे, तुम्ही सात मात्रांची टाइम सिग्नेचर लावलीत की मेट्रोनोम पहिल्या मात्रेला ठणकावून वाजवणार, आणि रूपकात समेवर तर खाली (टाळी नसलेली मात्रा) असते. तबलजी समोर असेल तर मेट्रोनोम बंदच ठेवा, वाद नको. मींडेचं पण असंच, प्लेबॅकमधे ती माणसासारखी येत नाही, कागदावर खूण करा आणि पुढे व्हा.

व्हीएसटी लावताना

व्हीएसटी३ च पाहिजे, जुने व्हीएसटी२ वाले डीएलएल म्यूझस्कोर ४ घेत नाही. विंडोजवर ते प्रोग्राम फाइल्समधे कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी३ या फोल्डरमधे असायला हवेत, मॅकवर लायब्ररीमधे ऑडिओ, मग प्लग इन्स, मग व्हीएसटी३. इन्स्टॉल करताना तुम्ही भलत्याच फोल्डरमधे टाकलंत तर यादीत दिसणार नाही. टाकल्यावर म्यूझस्कोर बंद करून परत उघडा, उघडताना तो शोधतो. फुकटातलं सुरुवातीला बघण्यासारखं म्हणजे स्पिटफायरचं बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर, अख्खा ऑर्केस्ट्रा आहे आणि आकाराने लहान. नोटपरफॉर्मर या वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल लोक विचारतात, तो मुळात सिबेलियस, फिनाले आणि डोरिको या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरसाठी बनवलाय, म्यूझस्कोरसाठी तो धरू नका.

एकाच स्कोरमधे म्यूझ साउंड्स आणि व्हीएसटी मिसळलेत तर रिव्हर्बकडे (मोठ्या खोलीसारखा घुमणारा परिणाम) लक्ष ठेवा. व्हीएसटीचा स्वतःचा रिव्हर्ब असतो, त्यावर म्यूझस्कोरचा चढला की ते एक वाद्य लांब कुठल्यातरी चर्चमधे वाजतंय असं होतं. दोन्हीतला एक बंद करा.

अडखळत असेल तर

चालू असताना टकटक, खरखर येते, मधेच आवाज तुटतो, तर प्रेफरन्सेसमधे ऑडिओत जाऊन बफर (वाजायच्या आधी साठवलेला आवाजाचा तुकडा) वाढवा. ४४,१०० हर्ट्झला २५६ चा बफर म्हणजे साधारण ६ मिलीसेकंद, १०२४ चा म्हणजे २३. कीबोर्ड जोडून लाइव्ह वाजवत असाल तर २३ बोटाला जाणवायला लागतात, पण नुसतं ऐकायचं असेल तर काही फरक पडत नाही, बिनधास्त १०२४ ठेवा. ब्लूटूथ हेडफोन काढा, त्यांची स्वतःचीच दिरंगाई यापेक्षा कितीतरी जास्त असते आणि नोट लिहिताना आवाज मागून येत राहतो. ८ जीबी रॅमवर मोठा ऑर्केस्ट्रा म्यूझ साउंड्समधे उघडून वर क्रोममधे वीस टॅब ठेवले तर कुठलंही सेटिंग वाचवणार नाही. लिहीपर्यंत बेसिक, आधी सांगितलं तेच.

बाहेर काढताना

एक्सपोर्टमधे एमपी३, वेव्ह, फ्लॅक, ऑग सगळं मिळतं. क्वायरवाल्यांसाठी, मग ते पुण्यातले असोत नाहीतर गोव्यातले, याचा खरा उपयोग म्हणजे सरावाचे ट्रॅक. आल्टोसाठी ट्रॅक करायचा असेल तर आल्टो आहे तसा ठेवा, बाकी तीन आवाज साधारण १२ डीबी खाली घ्या, आल्टो पॅन करून एका कानात आणि बाकीचे दुसऱ्या कानात टाका, काउंट इनसारखा एक रिकामा बार सुरुवातीला लिहा, एक्सपोर्ट. मग तेच टेनर, बास. बाकीचे पूर्ण म्यूट करू नका, एकट्याने पाठ केलेला माणूस बाकीच्यांत उभा राहिला की हमखास सोप्रानोच्या मागे जातो. कोणाला सावकाश हवा असेल तर प्लेबॅकच्या स्पीडवर अवलंबून राहू नका, स्कोरमधलाच टेम्पो कमी करून वेगळा ट्रॅक काढा.

मिडी पाठवला तर तुमचे हे सगळे आवाज त्यात जात नाहीत, समोरच्याच्या मशीनवर जे असेल ते वाजतं, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एमपी३ च टाका. आणि टाकायच्या आधी मिक्सरवर नजर फिरवा, मगाशी काही तपासायला सोलो केलेली पट्टी तशीच राहिली असेल तर अख्ख्या क्वायरला फक्त बासचा ट्रॅक जातो.